पेनात रुतून बसलेली शाई

पारदर्शक फाउंटन पेन कितीही वेळा धुतले, तरी काही शायांची गुलाबी, जांभळी किंवा निळी झाक टाकीच्या आतल्या बाजूला मागे राहतेच. मग हाताशी असेल त्या द्रावणाने ती घालवण्याचा खटाटोप सुरू होतो आणि पुष्कळदा पेनाला शाईपेक्षा या खटाटोपानेच अधिक अपाय होतो. डाग कशाचा आहे हे ओळखल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही, कारण एका डागावर गुणकारी असलेले रसायन दुसऱ्या डागाला अधिकच घट्ट करू शकते.

बाजारातील बहुतेक शाया म्हणजे पाण्यात विरघळलेली कृत्रिम रंजके होत. रंजकाच्या रेणूत बेंझिनची कडी जोडलेली असतात आणि त्यांतील एकाआड एक दुहेरी बंधांमुळे तो प्रकाशाचा ठरावीक भाग शोषून घेतो. म्हणूनच तो रंगीत दिसतो. या कड्यांना पाण्याचे फारसे आकर्षण नसते. रेणूला पाण्यात धरून ठेवतात ते त्यावरील विद्युतभारित गट. हे गट कमी असले, किंवा रेणूवरील भार धन असला, तर त्याला पाण्यापेक्षा प्लास्टिक जवळचे वाटू लागते. जखमेवर लावण्याचे जांभळे जेन्शन व्हायोलेट याच कुळातले आहे. डॅनिश वैद्य हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी 1884 मध्ये जिवाणू रंगवण्याची जी पद्धत मांडली, तिचा आधारही या रंजकांची ही चिकटून राहण्याची वृत्तीच होती. ॲक्रिलिक या पेनांच्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये असे रेणू केवळ पृष्ठभागावर बसत नाहीत. ते बहुवारिकांच्या, म्हणजे प्लास्टिकच्या लांबलचक रेणूंच्या, साखळ्यांमधून हळूहळू आत सरकतात. हळदीचा डाग प्लास्टिकच्या डब्यात मुरतो, त्यातलाच हा प्रकार. शाई जितके दिवस पेनात राहील आणि पेन जितके उष्ण जागी असेल, तितका डाग खोल जातो.

अशा डागांवर पहिला उपाय साध्या, थंड पाण्याचा. पाणी स्वच्छ येईपर्यंत ते पेनात पुन्हा पुन्हा भरून काढावे. ते पुरले नाही, तर दहा भाग पाण्यात एक भाग घरगुती अमोनिया आणि भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब घ्यावा. अल्कधर्मी पाण्यात अनेक रंजकांची विद्राव्यता वाढते. मात्र अमोनिया तांबे आणि पितळ यांवर हल्ला करतो, म्हणून पितळी भाग असलेले पेन त्यात रात्रभर बुडवून ठेवू नये. नूडलर्स या अमेरिकी उत्पादकाची ‘बेस्टेट ब्लू’ ही झळाळती निळी शाई डागांसाठी प्रसिद्धच आहे. तिच्यावर अतिशय पातळ केलेले ब्लीच चालते, कारण ब्लीच रंजकाला धुऊन काढत नाही, तर त्याची दुहेरी बंधांची साखळीच तोडून त्याला रंगहीन करते. ते फक्त टाकीत, काही मिनिटांपुरते वापरावे, निबेला लागू देऊ नये आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन हा विषारी वायू निघतो. म्हणून एकाच दिवशी, एकाच भांड्यात दोन्ही वापरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

लोहयुक्त शाईची गोष्ट अगदी वेगळी आहे. हिरड्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि हिराकस हा लोहाचा क्षार यांच्या संयोगातून काळा रंग मिळतो, हे आपल्याकडील रंगाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. युरोपात हेच काम ओक वृक्षावरच्या गाठींनी केले आणि ब्रिटनमध्ये जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांसाठी अशी शाई वापरली गेली. शाई ओली असताना तिच्यातील लोह फेरस रूपात, म्हणजे विरघळलेले असते; हवेतील ऑक्सिजनमुळे ते फेरिक होते आणि काळा, अविद्राव्य साका तयार होतो. कागदावर हेच हवे असते. निबेखालच्या जिभेच्या बारीक खाचांत मात्र ते नको असते. येथे अमोनिया वापरणे ही मोठी चूक ठरते, कारण अल्कधर्मी द्रावणात लोहाचा साका आणखी बसतो. उपाय उलट दिशेचा हवा. पेलाभर पाण्यात चिमूटभर शुद्ध क जीवनसत्त्व, म्हणजेच ॲस्कॉर्बिक आम्ल, विरघळवून काही तास ठेवले, तर फेरिक लोह पुन्हा फेरस होते आणि साका सुटतो. चघळण्याच्या गोळ्या त्यासाठी वापरू नयेत. त्यांत साखर आणि रंग असतात.

कार्बनच्या किंवा अन्य रंगद्रव्यांच्या शायांत कण मुळातच विरघळलेले नसतात. सुकल्यावर ते कोणत्याही रसायनाने परत विरघळत नाहीत. साबणाचे पाणी आणि घर्षण एवढेच मदतीला येते. म्हणून अशा शाया रोज लिहिणाऱ्यांनीच वापराव्यात असे माझे मत आहे.

स्पिरिटच्या मोहात मात्र कोणीही पडू नये. अल्कोहोलने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात, आणि जुन्या पेनांत रबरी पिशवी चिकटवण्यासाठी वापरलेली लाखही विरघळते. गरम पाणी एबोनाइटचा, म्हणजे जुन्या पेनांतल्या कठीण रबराचा, काळा रंग फिका करते. धुऊन झाल्यावर निब खाली करून पेन टिश्यू पेपरवर उभे ठेवावे. कागद जिभेतील पाणी ओढून घेतो, आणि त्यावर अजूनही रंग उमटत असेल, तर आत शाई शिल्लक आहे.