बाण, ओवी आणि देवगांडूळ : गोव्यातल्या उत्पत्तीच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

"तू उत्क्रांती मानतोस की देवाने जग निर्माण केलं असं मानतोस?" हा प्रश्न मडगावात किंवा म्हापशात सहसा कुणी कुणाला विचारत नाही. आमच्याकडे विचारतात ते "मूळचे कुठले?" मग गाव निघतो, कुळदेव निघतो, तो देव तिसवाडीतून किंवा सासष्टीतून कधी अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, आणला तेही निघते. गोव्यात उत्पत्तीचा प्रश्न पहिल्यापासून जमिनीला चिकटून आला आहे. माणूस कुठून आला यापेक्षा या मातीवर आधी कोण आला, याची इथे जास्त चर्चा झाली. आजही उत्क्रांतीविषयी एखादा गोंयकार काय मानतो ते समजून घ्यायचे तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

परशुरामाची कथा सगळ्यांना पाठ असते. सह्याद्रीवरून बाण मारला, समुद्र मागे हटला, वर आलेली भूमी म्हणजे कोकण. बाण पडला ती बाणावली. स्कंदपुराणाचा भाग म्हणून सांगितल्या जाणाऱ्या सह्याद्रिखंडात ही कथा आहे आणि त्याची छापील आवृत्ती मुंबईत १८७७ साली काढली ती हडफड्याच्या डॉ. जर्सन द कुन्हा यांनी, म्हणजे एका गोमंतकीय ख्रिस्ती विद्वानाने. जगाच्या निर्मितीची म्हणून ऐकलेली ही कथा नीट वाचली तर मुख्यतः वसाहतीची आहे. परशुरामाने कुणाला आणले, कुठे बसवले, कोणत्या कुळांना कोणते गाव दिले, याचा तपशील तिच्यात भरपूर आहे. सासष्टी म्हणजे सहासष्ट गावे, हा हिशेब लोक आजही सांगतात. गांवकरीच्या, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या, हक्कांना अशा कथेचा मोठा आधार वाटणे साहजिक होते.

पण बाण सुटण्याआधी इथे जे होते त्यांचे काय? गावडे, कुणबी, वेळीप यांच्या श्रद्धेत भूमी समुद्रातून वर येण्यापेक्षा मातीतून वाढणारी रोयण, म्हणजे वारूळ, मोठी. सातेरीच्या कितीतरी देवळांत गाभाऱ्यात आजही वारूळच आहे. देवी घडवलेली नाही, ती उगवली आहे. १९९३ साली रिवणजवळ उसगाळीमळ इथे कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर कोरलेली चित्रे अभ्यासकांसमोर आली. बैल, हरणे, एक चक्रव्यूहासारखी गोल आकृती. पुराणांच्या कितीतरी आधी इथे माणूस नांदत होता, हे त्या दगडांसमोर उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. या तिन्ही समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळायला मात्र २००३ साल उजाडले.

बायबलमधली सृष्टिकथा गोव्यात कशी आली, हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण ती मराठीतून आली. पोर्तुगीज १५१० मध्ये आले, १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, सुरू झाले, देवळे पडली, पोथ्या गेल्या. नव्या ख्रिस्ती झालेल्यांना जुनी पुराणे वाचायला बंदी आणि त्यांच्या जागी दुसरे काही नाही. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ती पोकळी ओळखली. १६१६ मध्ये रायतूरला छापलेल्या त्याच्या क्रिस्तपुराणात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. पहिल्या पुराणात सहा दिवसांची निर्मिती, आदाम आणि एवा, जलप्रलय. दुसऱ्यात येशूचे चरित्र. ज्ञानेश्वरीच्या ओवीत, पुराणाच्या थाटात, अवस्वरू नावाच्या अध्यायांत. म्हणजे सासष्टीतल्या ख्रिस्ती माणसाने सृष्टीची उत्पत्ती ऐकली ती त्याच्या पूर्वजांच्या कीर्तन-पुराणाच्याच लयीत. या ग्रंथामागचे धर्मांतराचे राजकारण विसरता येत नाही, आणि भाषेवरची त्याची माया नाकारताही येत नाही. पुढे १६८४ च्या फर्मानाने इथल्या भाषाच दाबायचा प्रयत्न झाला. ओव्या तरीही टिकल्या.

याच सुमारास युरोपात आर्चबिशप अशर याने बायबलमधल्या पिढ्या मोजून जगाचा जन्म इसवी सनापूर्वी ४००४ सालचा ठरवला होता. पण तो प्रॉटेस्टंट आयर्लंडमधला. कॅथलिक परंपरेत पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनपासूनच सृष्टीचे सहा दिवस शब्दशः घ्यावेत का, यावर विचार चालू होता. उत्क्रांतीवरचा डार्विनचा ग्रंथ १८५९ साली आला. रोमने बराच काळ सावध मौन पाळले. १९५० मध्ये बाराव्या पायस पोपने मानवी देहाच्या उत्क्रांतीवर संशोधनाला मोकळीक दिली, आत्मा मात्र देवाकडून असे बजावले. १९९६ मध्ये दुसऱ्या जॉन पॉलने उत्क्रांती ही नुसत्या गृहीतकापेक्षा अधिक आहे असे सांगितले. अमेरिकेत उत्क्रांती शिकवली म्हणून शिक्षकावर खटला भरण्यापर्यंत गेलेले भांडण (टेनेसी, १९२५) हे त्या देशातल्या प्रॉटेस्टंट पंथांचे. ते जसेच्या तसे उचलून गोव्यातल्या चर्चवर लादणे चुकीचे आहे.

हिंदू बाजूला वेगळीच गोष्ट घडली. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन: पाण्यातला, मग जमिनीवरचा, मग अर्धा माणूस, मग ठेंगू माणूस. "बघा, डार्विन आमच्याकडे आधीच होता." शाळेत हे वाक्य मी आदराने ऐकले आणि कित्येक वर्षे खरे मानले. ही जुळणी प्राचीन नाही. थिऑसफी या गूढवादी चळवळीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी ती १८७७ मध्ये छापून मांडली, द कुन्हांचे सह्याद्रिखंड आले त्याच वर्षी. पुढे जे. बी. एस. हाल्डेन यांच्यासारख्या मोठ्या जीवशास्त्रज्ञानेही अवतारांच्या क्रमाचे कौतुक केले. तरी मला ती पटत नाही. पुराणात कूर्म हा मत्स्याचा वंशज नाही, वराह कूर्माचा नाही. प्रत्येक वेळी तोच पूर्ण विष्णू, एका संकटासाठी आलेला. उत्क्रांतीत वंश आहे, लहान लहान फरक आहेत, निवड आहे, आणि कुठलेही ठरलेले टोक नाही. दहिकाल्यात, म्हणजे गावच्या दशावतारी नाटकात, रात्री संकासूर येतो, वेद चोरतो, तेव्हा मांडवातली म्हातारी माणसे जे अनुभवतात त्याला जीवशास्त्राच्या दाखल्याची गरज नाही. दशावताराला डार्विनचा साक्षीदार करून आपण दोघांचाही अपमान करतो.

गोव्याने या विषयाला दिलेली दोन माणसे मात्र हवी तितकी आठवली जात नाहीत. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी घर सोडून बौद्ध ज्ञानाच्या शोधात निघाले. जग शाश्वत की अशाश्वत, या प्रश्नाला उत्तर द्यायचे बुद्धाने नाकारले होते. विषारी बाण लागलेला माणूस तो कुणी मारला याची चौकशी करत बसला तर मरून जाईल, हा त्याचा दृष्टांत. परशुरामाच्या बाणाच्या मुलखातल्या माणसाला हा दुसरा बाण भेटला, हे मला नेहमी हलवून जाते. त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली कोसबें इथे जन्मले. गणिती, इतिहासकार. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरच्या जनुकांमधले अंतर काढण्याचे सूत्र दिले; आनुवंशशास्त्रात ते आजही कोसंबींच्याच नावाने वापरतात.

अलीकडचे थोडक्यात. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रातल्या एका राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून त्याला उत्तर दिले. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला आणि अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाचे पत्र लिहिले. गोव्यात दहावीला विज्ञानाची हीच पुस्तके आहेत. बारावीत तो भाग आहे, पण जीवशास्त्र घेणाऱ्यांनाच. म्हणजे वाणिज्य शाखेला जाणारी काणकोणची मुलगी आपण कुठून आलो याचे शास्त्र एकदाही न शिकता पदवीधर होऊ शकते. याचा मला मनापासून राग आहे. तिला देव मानायचा की नाही हे तिचे ती ठरवील. पुरावा तिच्यापासून लपवायचा अधिकार कुणालाही नाही.

आणि पुरावा दाराशी आहे. अनमोड घाटातल्या नाइस नावाच्या खडकाचे वय सुमारे ३४० कोटी वर्षे. सत्तरीत, म्हादईच्या खोऱ्यात, जमिनीखाली एक बिनपायांचा उभयचर राहतो. मराठीत त्याला देवगांडूळ म्हणतात. २००७ मध्ये त्याच्या दोन नव्या जातींचे वर्णन झाले, एकीला गोव्याचे नाव, दुसरीला म्हादईचे. खाऱ्या पाण्यात तो जगत नाही, समुद्र ओलांडू शकत नाही. तरीही त्याचे जवळचे नातलग हिंदी महासागरापलीकडे सेशेल्स बेटांवर सापडतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारत आणि सेशेल्स एकमेकांपासून तुटले तेव्हा दोन्हीकडच्या मातीत त्याचे पूर्वज होते. मिरग लागला की सत्तरीतल्या कुळागरात ओली माती उकरताना तो कधीतरी वर येतो, काळसर, चकचकीत, आणि लोक गांडूळ समजून त्याला परत मातीत ढकलतात.