मराठी वेबसाइटसाठी फॉन्ट कुठून घ्यायचा?

नव्या वेबसाइटचं काम सुरू झालं की लोगो, रंग, फोटो यांवर भरपूर चर्चा होते. फॉन्टचा विषय निघाला की मात्र बहुतेक ग्राहक "तुम्हीच बघा एखादा चांगला" म्हणून मोकळे होतात. आम्ही बघतोच. पण परवाना कोणाच्या नावावर असणार, फॉन्ट कोणाच्या सर्व्हरवरून येणार आणि त्याचे पैसे दरवर्षी भरायचे का, हे तुम्हाला ठरवायचं आहे. त्यासाठी हे पत्रक.

आधी एक शंका दूर करू: वेब फॉन्ट, म्हणजे साइटसोबत पाठवला जाणारा फॉन्ट, लावलाच नाही तर काय होतं? मराठी तरीही दिसतं. विंडोजवर निर्मला किंवा मंगल, आयफोनवर कोहिनूर, अँड्रॉइडवर बहुधा नोटो. म्हणजे तुमचं दुकान एकच, पाटी मात्र प्रत्येकाला वेगळी. काही कामांना एवढं पुरतं, आणि तसं असेल तर आम्ही स्पष्ट सांगतो.

फॉन्ट मिळण्याच्या वाटा

गूगल फॉन्ट्स ही सेवा २०१० पासून आहे. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, फॉन्ट मुक्त परवान्याचे, म्हणजे कोणीही फुकट वापरावेत आणि उतरवून ठेवावेत असे असतात. देवनागरीत निवड चांगली आहे: मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्त' (Mukta) आणि बालू, अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद, पुस्तकी वळणाचा टिरो देवनागरी मराठी. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला यात्रा वनही आहे, पण तो मथळ्यांपुरताच वापरा.

अडोबी फॉन्ट्स, म्हणजे पूर्वीचं टाइपकिट, क्रिएटिव्ह क्लाउडच्या, म्हणजे अडोबीच्या डिझाइन सॉफ्टवेअरच्या वर्गणीसोबत मिळतं. फॉन्ट देखणे आहेत, पण फाइल आपल्या सर्व्हरवर ठेवता येत नाही. वर्गणी थांबली की फॉन्टही गेला. शिवाय डिझायनरच्या वर्गणीवर तुमची साइट चालवणं नियमात बसत नाही; वर्गणी तुमच्याच नावावर हवी. हे लोकांना उशिरा कळतं.

तिसरी वाट विकतच्या परवान्याची. मायफॉन्ट्ससारख्या बाजारात पुष्कळ वेब परवाने महिन्याला किती पानं पाहिली जातात त्यावर ठरतात. मोठ्या ब्रँडला हे परवडतं. दवाखाना, क्लास, होमस्टे यांनी यात पडू नये असं आमचं मत आहे.

आम्ही काय सुचवतो

मुक्त परवान्याचा फॉन्ट निवडायचा, फाइल उतरवून घ्यायची आणि तुमच्याच सर्व्हरवर ठेवायची. परवाना याला परवानगी देतो.

"गूगलवरूनच येऊ दे, बऱ्याच जणांच्या फोनमध्ये तो आधीपासून असतो," असं अजूनही सांगितलं जातं. एकेकाळी ते खरं होतं. आता ब्राउझर उतरवलेल्या फाइलींचा साठा प्रत्येक साइटसाठी वेगळा ठेवतात. सफारी आधीपासून आणि क्रोम २०२० पासून. त्यामुळे तो फायदा संपला. उलट पान उघडताना साइटवर आलेल्या पाहुण्याच्या फोनला गूगलच्या दोन वेगळ्या पत्त्यांशी जोडणी करावी लागते. गावाकडच्या नेटवर ती जाणवते.

दुसरं कारण खासगीपणाचं. २० जानेवारी २०२२ रोजी म्युनिकच्या न्यायालयाने एका साइटमालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. त्याच्या साइटवर फॉन्ट थेट गूगलवरून येत होता आणि त्यासाठी पाहुण्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याच्या जोडणीचा क्रमांक) संमतीशिवाय गूगलकडे गेला होता. त्यानंतर जर्मनी-ऑस्ट्रियात अशा नोटिसांची लाटच आली. सांगलीच्या बेदाण्याचं किंवा कोकणातल्या होमस्टेचं युरोपात गिऱ्हाईक असेल तर हे लक्षात ठेवलेलं बरं. फाइल ठेवायला जागाच नसेल तर बनी फॉन्ट्स ही युरोपातली सेवा बघता येते: गूगलचाच फॉन्टसंग्रह, पण पाहुण्याची नोंद न ठेवता.

मराठीची परीक्षा

सेवा कोणतीही घ्या, खरी गोची इथे होते. हिंदीसाठी छान दिसणारा फॉन्ट मराठीत नापास होऊ शकतो. आम्ही प्रत्येक फॉन्टमध्ये ही ओळ लावून बघतो:

*दऱ्याखोऱ्यांतल्या शाळेत ॲम्ब्युलन्स, वाङ्मय, लक्ष, ज्ञान, हृदय, बॉल, ₹१,२५०*

'ऱ्या'त र अर्धचंद्रासारखा जोडला गेला पाहिजे. कच्च्या फॉन्टमध्ये तिथे नुक्त्याचा र आणि खाली हलन्त दिसतो. 'ॲ' युनिकोडमध्ये (सगळ्या लिपींच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) उशिरा आला, रुपयाचं चिन्ह त्याहून उशिरा, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्यांच्या जागी रिकामा चौकोन येतो किंवा भलत्याच वळणाचं अक्षर. आणि 'ल' पाकळीयुक्त, 'श' देठयुक्त हवा. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी दोन्ही वळणं असतात, पण पानाची भाषा मराठी अशी नोंदवली असेल तरच ब्राउझर मराठी वळण उचलतो. तयार थीममध्ये, म्हणजे साइटच्या आयत्या साच्यात, भाषा इंग्रजीच राहिलेली असते, मग फॉन्टला दोष लागतो. टिरो देवनागरी मराठीत ही वळणं मुळातच आहेत.

इंग्रजी डिझाइनमधून आलेली एक खोड म्हणजे मथळ्याच्या अक्षरांत अंतर वाढवणं. देवनागरीत असं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ते आम्ही करत नाही, आग्रह झाला तरी. दोन ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त ठेवतो, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात.

वजन

जोडाक्षरांमुळे देवनागरी फाइल इंग्रजीच्या कैकपट मोठी असते. 'मुक्त' (Mukta) फॉन्टमध्ये सात जाडीचे प्रकार आहेत म्हणून सातही लावायचे नसतात. साधा आणि ठळक पुरतात. फाइल वॉफ-२ (WOFF2) या वेबसाठीच्या प्रकारात दाबून घेतो. वापरलेली अक्षरं ठेवून बाकी कापायची साधनं आहेत, पण ती निष्काळजीपणे चालवली तर जोडाक्षरांचे नियमही कापले जातात आणि 'प्रवेश'मधला प्र सुटून प, हलन्त, र असा उभा राहतो. कापल्यानंतर वरची ओळ पुन्हा तपासावीच लागते. फॉन्ट येईपर्यंत पान कोरं न दिसता फोनच्या फॉन्टमध्ये मजकूर दिसेल अशीही सोय करतो.

तुमच्याकडून काय हवं

लोगो ज्या फॉन्टमध्ये आहे त्याचं नाव आणि परवान्याची पावती. छपाईसाठी घेतलेला परवाना वेबला चालेलच असं नाही, ते आम्ही वाचून सांगू. प्रेसमधून आलेला मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो तसाच पाठवा. त्याचं युनिकोड आम्ही करतो, कारण तसाच चढवला तर पडद्यावर इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते आणि शोधात सापडत नाही. रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घालावी लागतात, तो वाचनाचा दिवस वेळापत्रकात धरा.

मुक्त परवान्याचा फॉन्ट निवडणं, बसवणं आणि तपासणं वेबसाइटच्या दरातच आहे. अडोबीची वर्गणी किंवा विकतचा परवाना वेगळा, तुमच्या नावावर, थेट त्या कंपनीला भरायचा.