खुलासा: गाडीतला जुना रेडिओ काढायची गरज नाही

"कंपनीचा जुना रेडिओ आहे ना, मग त्यावर गाण्यांचा प्लेअर (एमपी३ प्लेअर किंवा फोन) वाजणार नाही, नवा सेटच बसवा," असं पुण्यात अजूनही सर्रास सांगितलं जातं. हे खरं नाही, आणि यापायी लोक चांगला चालू रेडिओ भंगारात देतात याचं वाईट वाटतं.

कॅसेटची सोय असेल तर कॅसेट अडॅप्टर घ्या, म्हणजे वायरने प्लेअरला जोडलेली कॅसेटच्या आकाराची डबी. त्यात फीत नसतेच, छोटं हेड असतं. प्लेअरचा सिग्नल तिथे चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि टेपचं हेड ते फितीसारखंच वाचतं.

कॅसेट नसेल तर एफएम ट्रान्समीटर, म्हणजे प्लेअरचं गाणं छोट्या एफएम स्टेशनसारखं रेडिओकडे पाठवणारं यंत्र. "तो शहरात खरखरतोच" हे अर्धसत्य आहे. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले की एफएम रेडिओ जोरदार असेल तोच पकडतो. इवल्याशा ट्रान्समीटरला ९८.३ वर मिर्चीशी किंवा १०१ वर विविध भारतीशी झुंजायला लावलं तर तो हरणारच. विद्यापीठाच्या बाजूला १०७.४ पण नको, तिथे विद्यापीठाचं विद्यावाणी स्टेशन आहे. शेजारीही स्टेशन नसेल अशी मोकळी फ्रिक्वेन्सी शोधा. प्लेअरचा आवाज साधारण पाऊण ठेवा. पूर्ण केला तर फाटतो, फार कमी ठेवला तर रेडिओ वाढवावा लागतो आणि खरखरही वाढते.

रेडिओला ऑक्स (बाहेरचा प्लेअर जोडायचं भोक) असेल तर मात्र यातलं काहीच लागत नाही, साधी वायर पुरते.