छातीतली गोळी काढायची की राहू द्यायची?

गोळी लागली की ती आधी बाहेर काढायची, मग माणूस वाचतो, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. हृदयालगत रुतलेल्या गोळीचा इतिहास काही वेगळंच सांगतो.

३० मे १८०६ रोजी अमेरिकेत अँड्र्यू जॅक्सन यांना द्वंद्वयुद्धात छातीत गोळी लागली. ती हृदयाच्या इतकी जवळ होती की काढायला कोणी धजावलं नाही. ती छातीत घेऊनच ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि १८४५मध्ये वारले. म्हणजे तब्बल ३९ वर्षं! छातीचं दुखणं मात्र जन्माला चिकटलं.

१८९५च्या अखेरीस रोंटगेनला क्ष-किरण सापडले आणि धातूचा तुकडा शरीरात कुठे आहे ते दिसू लागलं. पुढच्याच वर्षी फ्रँकफुर्टमध्ये लुडविग रेन यांनी भोसकलेल्या तरुणाच्या हृदयाला टाके घातले, तो जगला. तरी हृदयात शिरून काही बाहेर काढणं अजून दूर होतं.

ते दुसऱ्या महायुद्धात घडलं. इंग्लंडमधल्या अमेरिकन लष्करी रुग्णालयात ड्वाइट हार्केन यांनी १३४ सैनिकांच्या हृदयातून आणि त्याच्या आसपासून गोळ्या नि बॉम्बचे तुकडे काढले. त्यांतले १३ थेट हृदयाच्या कप्प्यांत होते. शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन तेव्हा नव्हतं, हृदय धडधडत असतानाच हे करायचं. तुकड्याभोवती आधी टाके घालून ठेवायचे, छेद द्यायचा, चिमट्याने तुकडा ओढायचा आणि उसळणाऱ्या रक्तावर बोट दाबून टाके आवळायचे. एकही सैनिक दगावला नाही. मला हा आकडा आजही थक्क करतो. याच पथकातले पॉल झोल यांनी पाहिलं की नुसत्या स्पर्शानेही हृदय आकुंचन पावतं. १९५२मध्ये त्यांनी छातीवरून विजेचे ठोके देऊन बंद पडणारं हृदय चालू ठेवलं.

तुकडा आत राहू दिला तर धोका, ही हार्केन यांची भीती रास्त होती. डाव्या कप्प्यातला सैल तुकडा रक्ताबरोबर मेंदूपर्यंत जाऊ शकतो, उजव्यातला फुप्फुसात; शिवाय जंतुसंसर्ग होतो, हृदयाच्या आवरणात पाणी साठतं. म्हणून सैल, टोकदार किंवा त्रास देणारा तुकडा आजही काढतात. स्नायूत पूर्ण रुतलेला, काही त्रास नसलेला छोटा छर्रा मात्र सीटी स्कॅन आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून बहुधा तिथेच ठेवतात. अशा रुग्णाने एमआरआयच्या आधी छर्‍याबद्दल सांगायलाच हवं. तो लोखंडी असला तर चुंबकामुळे हलू शकतो.

आणि छातीत सुरा रुतलेला दिसला तर तो उपसू नका. अनेकदा त्या सुऱ्यानेच छिद्र बुजवून धरलेलं असतं. तो ऑपरेशन थिएटरमध्येच काढायचा.