अंधारातला व्हिडिओ: पैसे आधी लेन्सवर घाला

ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी दोन खांबांमधल्या अंधारात, किंवा वाशीतल्या एखाद्या सोसायटीच्या गरब्यात व्हिडिओ काढला की काळ्या भागात बारीक ठिपके वळवळताना दिसतात. हाच नॉईज. त्यावर उपाय म्हणून बरेच जण खोक्यावरचा आयएसओचा आकडा बघतात: १,०२,४००, कधी त्याहूनही मोठा. या आकड्यावर कॅमेरा निवडू नका. आयएसओ वाढवला म्हणून सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवर, जास्त प्रकाश पडत नाही. जो पडला तोच वाढवून दाखवला जातो, ठिपक्यांसकट.

या ठिपक्यांचं मूळ बरंचसं प्रकाशातच आहे. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, ठरावीक लयीत येत नाहीत. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडत असतील तर त्यात साधारण १०० चा चढउतार होतो, म्हणजे १ टक्का. १०० च पडले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के, आणि तो डोळ्यांना खुपतो. त्यामुळे एका फ्रेमसाठी किती फोटॉन गोळा होतात, यावर जवळजवळ सगळं ठरतं.

फोटोत शटर पाच सेकंद उघडं ठेवता येतं. व्हिडिओत ती सोय नाही. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवायचं. आपल्याकडे हाच वेग आणखी एका कारणाने योग्य आहे. वीज ५० हर्ट्झची असल्याने बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, आणि १/५० मध्ये त्याची बरोबर दोन आवर्तनं बसतात. १/६० ठेवलं तर चित्रावरून पट्टे सरकतात. कॅमेरा एनटीएससीवर (६० हर्ट्झच्या देशांसाठीची मांडणी) असेल तर मेनूत जाऊन पाल (५० हर्ट्झची) करा. ३० फ्रेमच हव्या असतील तरी शटर १/५० वरच राहू द्या.

शटर असं बांधलं गेलं की उरते लेन्स. दिव्याच्या खांबाजवळ सुमारे २५ लक्स (लक्स हे उजेडाचं माप) प्रकाश आहे असं धरू. शटर १/५० आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ १.८ असेल (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं) तर आयएसओ १६०० च्या आसपास भागतं. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स झूम केल्यावर बहुधा एफ ५.६ वर जाते. तिथे प्रकाश जवळजवळ दहापट कमी मिळतो आणि आयएसओ १५,००० च्या पुढे न्यावा लागतो. आता सेन्सर बघा. फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी, एपीएस-सी या लहान सेन्सरचं सुमारे ३६६, म्हणजे फरक सव्वादोन-अडीचपट. एफ १.८ ची साधी प्राइम (झूम न होणारी) लेन्स दहापट देते, महागडी फुल फ्रेम बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) अडीचपट. बजेट बेताचं असेल तर एपीएस-सी बॉडी आणि एफ १.४ किंवा १.८ ची लेन्स घ्यावी. फुल फ्रेमला किट लेन्स लावून अंधारात उतरण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

मोठ्या सेन्सरची एक अडचण दुकानात सहसा कोणी सांगत नाही. फुल फ्रेमवर ५० मिमी लेन्स एफ १.८ ला ठेवून दोन मीटरवरचा माणूस टिपला, तर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम १७ सेंटीमीटर असते. गरब्यात फेर धरणारी मुलगी एक पाऊल पुढे आली की ती धूसर. म्हणून ॲपर्चर एफ ४ वर आणलं, तर प्रकाश शिरायचं छिद्र १२.५ मिमीचं राहतं. मायक्रो फोर थर्ड्स या आणखी लहान सेन्सरवर २५ मिमी लेन्स एफ २ ला ठेवली तरी छिद्र १२.५ मिमीचंच, चौकटही जवळपास तेवढीच आणि स्पष्टतेची खोलीही. एकूण प्रकाश सारखाच मिळतो, मग मोठ्या सेन्सरचा फायदा उरत नाही. एकच वक्ता टिपायचा असेल तर फुल फ्रेम जरूर घ्या. दोन-तीन रांगांत फिरणारी माणसं टिपायची असतील तर आधी हा हिशेब करा.

गडकरी रंगायतनसारख्या रंगमंचाचा प्रश्न वेगळा. तिथे नटाच्या चेहऱ्यावर पुरेसा प्रकाश असतो, पण मागे काळा पडदा. ऑटो एक्स्पोजर त्या काळोखाला भुलतं आणि चेहरा पांढरा फटक होतो. परवानगी घेऊन चित्रण करत असाल तर मॅन्युअल ठेवा आणि झेब्रा (फार उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय) लावून चेहऱ्यावरून एक्स्पोजर ठरवा.

आता बॉडीतल्या बारकाव्यांकडे. काही कॅमेऱ्यांत आयएसओच्या दोन मूळ पायऱ्या असतात. पॅनासॉनिक ल्युमिक्स एस५ मध्ये व्ही-लॉगसाठी (लॉग म्हणजे नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिकं टिपलेलं चित्र) त्या ६४० आणि ४००० आहेत. दुसऱ्या पायरीवर सावल्या तिच्या किंचित खालच्या आयएसओपेक्षा स्वच्छ येऊ शकतात. ४के ६० फ्रेमला क्रॉप होतो का, म्हणजे सेन्सरच्या कडा वगळल्या जातात का, तेही विचारा. सोनी ए७ ४ मध्ये तो दीडपट आहे, म्हणजे सेन्सरचा निम्म्याहून कमी भाग वापरला जातो. ऑटोफोकस उणे ६ ईव्हीपर्यंत (ईव्ही हेही उजेडाचं माप; उणे आकडा म्हणजे गडद अंधार) चालतो असं लिहिलं असेल तर खालची बारीक अक्षरं वाचा. तो दावा बहुधा एफ १.२ च्या लेन्सवरचा असतो. लॉगमध्ये टिपायचं तर १०-बिट (रंगांच्या जास्त पायऱ्या नोंदवणारं) चित्रण हवंच. ८-बिट लॉगच्या सावल्या रंग सुधारताना फाटतात.

विकत घेण्याआधी दोन बॉडी एका संध्याकाळपुरत्या भाड्याने आणा. दोन्हींवर १/५०, एफ २.८ आणि तीच चौकट ठेवा. नॉईज रिडक्शन सर्वांत खाली न्या, नाहीतर केस आणि साडीचे काठ मेणासारखे गुळगुळीत होतात आणि कॅमेरा उगाच चांगला वाटतो. काळ्या केसांचा माणूस दिव्यापासून थोडा दूर उभा करा. आयएसओ १६००, ३२००, ६४०० आणि १२,८०० वर दहा-दहा सेकंद टिपा, त्याला एकदा कॅमेऱ्याकडे चालत यायला सांगा, आणि फायली घरी मोठ्या पडद्यावर बघा. कॅमेऱ्याच्या तीन इंची पडद्यावर सगळंच चांगलं दिसतं.