फोन टॅपिंगची परवानगी: 1885 पासून सही सरकारचीच

मुंबईत टेलिफोन एक्सचेंज चालू झालं 1882 ला आणि इंग्रजांनी टेलिग्राफ अ‍ॅक्ट आणला 1885 ला. त्यातलं कलम 5 मूळचं तारांसाठी होतं, तार अडवायची, वाचायची, सरकारपुढं ठेवायची. स्वातंत्र्यानंतरही आपले पोलीस ह्याच कलमावर फोन टॅप करत राहिले, अगदी परवापरवापर्यंत. अट एवढीच की सार्वजनिक आणीबाणी पाहिजे किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न पाहिजे, आणि तसा प्रश्न आहे का नाही हे ठरवणार सरकारच. घराची झडती घ्यायची तर सहसा मॅजिस्ट्रेटचं वॉरंट लागतं, पण महिना महिना माणसाचं बोलणं ऐकायला जजकडं जायची गरजच नाही. मला ह्या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त खटकते ती हीच गोष्ट.

सुरुवातीला कोर्टानंही फार साथ दिली नाही. यूपीतल्या खडक सिंगला दरोड्याच्या केसमध्ये पुराव्याअभावी सोडलं होतं, तरी पोलिसांनी त्याची हिस्टरीशीट उघडली आणि रात्रीबेरात्री दार ठोठवायला लागले. सुप्रीम कोर्टानं 1962 मध्ये त्या रात्रीच्या फेऱ्या तेवढ्या बंद केल्या, पण प्रायव्हसी हा मूलभूत हक्क नाही असंही सांगून टाकलं. न्यायमूर्ती सुब्बा राव तेव्हाच वेगळं लिहून गेले की हा स्वातंत्र्याचाच भाग आहे, पण ते अल्पमतात होते.

मग आली मल्कानी केस, ही आपल्या मुंबईचीच. मल्कानी मुंबईचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारे अधिकारी. ऑपरेशननंतर एक पेशंट दगावला, तर रिपोर्ट सांभाळून घ्यायला त्यांनी डॉक्टरकडं पैसे मागितले, बोलणी 20 हजारांपासून 10 हजारांपर्यंत आली असा आरोप. ऑक्टोबर 1964 मध्ये मध्यस्थ डॉक्टरच्या घरी एसीबीचे (लाचलुचपत प्रतिबंधक खात्याचे) लोक टेपरेकॉर्डर घेऊन बसले, मशीन फोनला जोडलं, आणि डॉक्टरनं कॉरोनरला फोन लावला. सुप्रीम कोर्टात मुद्दा गेला की हे रेकॉर्डिंग चालेल का. कोर्ट म्हणालं, एका बाजूच्या माणसाची संमती होती त्यामुळं बेकायदा काही झालंच नाही, आणि पुढं जाऊन असंही म्हणालं की पुरावा गैरमार्गानं मिळाला असला तरी तेवढ्यानं तो बाद होत नाही, निरपराध नागरिकाच्या फोनला संरक्षण आहे, गुन्हेगाराच्या नाही. आता माणूस गुन्हेगार आहे का हे तर फोन ऐकून झाल्यावर ठरणार ना, मग आधी संरक्षण कोणाला द्यायचं? ह्या एका निकालानं पुढची कित्येक वर्षं पोलिसांना नियम मोडायची भीतीच उरली नाही.

1988 मध्ये टॅपिंगच्या प्रकरणावरून कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना राजीनामा द्यावा लागला. 1991 मध्ये राजकारण्यांच्या फोन टॅपिंगवरचा सीबीआयचा रिपोर्ट बाहेर आला आणि पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना सुप्रीम कोर्टात गेली (आपले वि. म. तारकुंडे जिच्या स्थापनेत होते तीच ही). डिसेंबर 1996 मध्ये निकाल लागला की टॅपिंग म्हणजे प्रायव्हसीवर घालाच. गृहसचिवाची लेखी ऑर्डर पाहिजे, मुदत दोन महिने, वाढवून जास्तीत जास्त सहा, आणि वर ह्या ऑर्डर तपासायला रिव्ह्यू कमिटी. जजची आधी परवानगी घ्या ही मागणी मात्र कोर्टानं मान्य केली नाही, कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून. आणि हे सगळं नियमात सविस्तर यायला 2007 उजाडलं.

आता ही सही कशी होते ते बघा. आरटीआयच्या उत्तरात 2013 च्या सुमाराला आकडा आला होता, एकट्या केंद्राच्या महिन्याला साडेसात ते नऊ हजार ऑर्डर, म्हणजे सुट्ट्या धरूनही दिवसाला अडीचशे-तीनशे. एवढ्या फाइली कोण वाचत असेल? 2018 मध्ये डेटा संरक्षणावरच्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनं लिहिलं की रिव्ह्यू कमिटीपुढं दर बैठकीला 15 ते 18 हजार ऑर्डर असतात आणि हे काम होण्यासारखंच नाही. श्रीकृष्ण म्हणजे मुंबई दंगलीची चौकशी केलेले, पोलिसांची कागदपत्रं आतून बघितलेला माणूस. महाराष्ट्रात तर असाही आरोप झाला की नेत्यांचे नंबर परवानगीच्या कागदावर भलत्याच नावांनी घातले होते, 2022 मध्ये पुण्यात-मुंबईत एका आयपीएस अधिकाऱ्यावर गुन्हे दाखल झाले, पुढच्या वर्षी हायकोर्टानं ते रद्द केले. खरंखोटं बाजूला ठेवू, पण सही करणारा नंबरासमोरचं नाव तपासतो का हा प्रश्न त्यातून निघतोच.

2017 ला पुट्टस्वामी निकालात सुप्रीम कोर्टाच्या नऊ जजनी एकमतानं सांगितलं की प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे. त्याचा पहिला मोठा फटका बसला तो मुंबईतच. बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या केसमध्ये 2009-10 चे तीन टॅपिंग ऑर्डर होते, मुंबई हायकोर्टानं ऑक्टोबर 2019 मध्ये ते रद्द केले, लाचेच्या केसमध्ये सार्वजनिक सुरक्षितता कुठून आली असं विचारून, आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. मल्कानीचा आधार तिथं चालला नाही. मद्रास हायकोर्टानं जुलै 2025 मध्ये जवळपास हीच लाइन घेतली, पण त्याच्या काही दिवस आधीच दिल्ली हायकोर्ट म्हणालं होतं की भ्रष्टाचार मोठा असेल तर तो सार्वजनिक सुरक्षिततेत बसू शकतो.

ह्या मधल्या काळात टॅपिंगसाठीचं 1885 चं कलम मागं पडलं. 2023 चा टेलिकम्युनिकेशन्स अ‍ॅक्ट आला, टॅपिंगचं कलम आता 20 आहे, डिसेंबर 2024 मध्ये नवे नियम निघाले. ऑर्डरवर सही अजूनही सचिवाचीच, रिव्ह्यू कमिटीतही सचिवच बसतात, आणि ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरसुद्धा कोणी कळवत नाही.