तुरुंगाचे नियम आणि टेपवरचे आवाज

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुक्ती चळवळीतल्या कैद्यांची जुनी ध्वनिमुद्रणं शोधायला बसलं की एक तारीख सारखी आडवी येते : २३ ऑगस्ट १९७१. त्या दिवशी कॅलिफोर्नियाच्या तुरुंग खात्याने नियम केला की पत्रकारांना यापुढे नाव घेऊन ठरावीक कैद्याची मुलाखत मागता येणार नाही. दोनच दिवस आधी राज्याच्या सॅन क्वेंटिन तुरुंगात जॉर्ज जॅक्सन गोळीला बळी पडले होते. वयाच्या अठराव्या वर्षी, पेट्रोल पंपावरच्या ७० डॉलरच्या चोरीत, एक वर्ष ते जन्मठेप अशी अनिश्चित शिक्षा झालेला हा तरुण आत राहून लेखक झाला, पुढारी झाला. त्या दिवशी तीन पहारेकरी आणि आणखी दोन कैदीही मेले. खात्याचं म्हणणं असं की मुलाखतींमुळे मूठभर कैदी फार मोठे झाले आणि शिस्त बिघडली. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये हा नियम वैध ठरवला.

आवाज कोणाचा टिकला, कसा टिकला आणि टेप कुठे जाऊन पडली, यामागे असे नियम आहेत. म्हणून केवळ नावावरून शोध घेणाऱ्याच्या हाती थोडंच लागतं. माणूस तेव्हा कोणाच्या कोठडीत होता, हे आधी पाहावं. चळवळीतल्या कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस यांची तुरुंगातली मुलाखत स्वीडिश दूरचित्रवाणीच्या लोकांनी १९७२ मध्ये चित्रित केली, ती राज्याच्या बंदीनंतर. त्यांच्यावर खटला चालू होता आणि त्या काउंटीच्या, म्हणजे राज्याखालच्या स्थानिक प्रशासनाच्या, कोठडीत होत्या. राज्याच्या तुरुंगांचा नियम तिथे लागू नव्हता. जून १९७२ मध्ये त्या निर्दोष सुटल्या. ती फिल्म मात्र कित्येक वर्षं स्वीडनमध्येच पडून होती आणि २०११ च्या ‘द ब्लॅक पॉवर मिक्सटेप’ या माहितीपटातून जगासमोर आली. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या माणसांचे आवाज स्टॉकहोममध्ये सापडावेत, हे या क्षेत्रात नवल नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅटिका तुरुंगात याच्या उलट घडलं. सप्टेंबर १९७१ मध्ये कैद्यांनी तुरुंग ताब्यात घेतला आणि कॅमेरेवाल्यांना स्वतःच आत बोलावलं. एकवीस वर्षांच्या एल. डी. बार्कली यांनी कॅमेऱ्यासमोर मागण्यांचं निवेदन वाचलं : आम्ही माणसं आहोत, जनावरं नाही. १३ सप्टेंबरला पोलिसांनी तुरुंग परत घेतला; त्या कारवाईत २९ कैदी आणि १० ओलीस मेले. बार्कलीही त्यात गेले. कैद्यांनी ओलिसांचे गळे चिरले, असं अधिकाऱ्यांनी आधी सांगितलं. शवविच्छेदनात निघाल्या त्या पोलिसांच्या गोळ्या. गव्हर्नर रॉकफेलर त्या दिवशी अध्यक्ष निक्सन यांच्याशी फोनवर जे बोलले, तेही निक्सन यांच्या स्वतःच्या छुप्या ध्वनिमुद्रण यंत्रणेमुळे जपलं गेलं. एकाच दिवसाचा आवाज असा दोन्ही बाजूंनी ऐकता येतो. दुसरी बाजू ऐकायची तर निक्सन यांच्या टेप्समध्येच शिरावं लागतं; अ‍ॅटिकाच्या नावाने लावलेल्या शोधात ती सहसा येत नाही.

चळवळीच्या बाजूचा साठा मुख्यतः श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या रेडिओमुळे वाचला. १९४९ मध्ये बर्कलेत सुरू झालेलं केपीएफए आणि नंतर पॅसिफिका जाळ्यातली लॉस एंजलिस, न्यूयॉर्कची केंद्रं सभा, पत्रकार परिषदा, कोर्टाबाहेरची भाषणं मुद्रित करत. टेप महाग, त्यामुळे जुनं पुसून त्यावर नवं मुद्रित करणं रेडिओत सर्रास चालायचं. जे उरलं त्यातलं बरंच लोकांच्या घरी, खोक्यांत. १९९९ मध्ये क्लॉड मार्क्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘फ्रीडम आर्काइव्ह्ज’ उभं केलं. पोर्तो रिकोचे कैदी ऑस्कर लोपेझ रिव्हेरा यांना लेव्हनवर्थ तुरुंगातून सोडवण्याच्या कटात मार्क्स स्वतः फरारी होते, १९९४ मध्ये शरण आले आणि शिक्षा भोगून बाहेर पडले. संग्रहाकडे तटस्थ म्हणून पाहू नये, तो तसा दावाही करत नाही. तिथे साठच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदीच्या मध्यापर्यंतचं दहा हजार तासांहून अधिक मुद्रण आहे.

शोधताना नावांचा घोळ होतो. एल्मर प्रॅट हेच जेरोनिमो जी जागा, स्टोकली कारमायकेल हेच क्वामे तुरे, जोअ‍ॅन चेसिमार्ड याच असाता शाकूर. सरकारी कागदांत बहुधा पहिलं नाव, चळवळीच्या टेपवर दुसरं. दोन्ही घालून पाहिल्याशिवाय शोध पुरा होत नाही. (आपल्याकडे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती या चळवळीतल्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊन, त्यामुळे ‘पँथर’ एवढंच टाकलं तर कधी वरळी-नायगावही समोर येतं.)

नव्वदीत आवाजाची प्रतच बदलली. पोलिसाच्या खुनासाठी १९८२ मध्ये फाशीची शिक्षा झालेले फिलाडेल्फियाचे पत्रकार मुमिया अबू-जमाल यांची भाष्यं राष्ट्रीय सार्वजनिक रेडिओ १९९४ मध्ये लावणार होता. पोलीस संघटनांनी आणि सिनेटर बॉब डोल यांनी विरोध केला आणि ती रद्द झाली. मग पेनसिल्व्हेनियाने १९९६ मध्ये तुरुंगात ध्वनिमुद्रणच बंद केलं. त्यानंतरची त्यांची बरीच भाष्यं फोनवरची आहेत : आवाज दबका, आणि मध्येच यंत्राची सूचना, की हा कॉल तुरुंगातून येत आहे. फाशीची शिक्षा २०११ मध्ये रद्द होऊन जन्मठेप राहिली. २०१४ मध्ये एका कॉलेजच्या पदवीदान समारंभात त्यांचं मुद्रित भाषण वाजलं, तर राज्याने लगेच कैद्यांच्या बोलण्याला आळा घालणारा कायदा केला. संघराज्य न्यायालयाने तो पुढच्याच वर्षी मोडीत काढला.

आणि एक साठा कोणी मुलाखतीसाठी केलाच नव्हता. एफबीआय ही अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था ब्लॅक पँथरच्या कचेऱ्यांचे फोन चोरून ऐकत असे आणि त्याच्या नोंदी ठेवत असे. सांता मोनिकात डिसेंबर १९६८ मध्ये झालेल्या एका खुनासाठी पँथरचे पुढारी प्रॅट यांना शिक्षा झाली. आपण तेव्हा शेकडो मैलांवर ओकलंडला होतो, असं ते सांगत राहिले. एफबीआयमधून निवृत्त झालेले वेस्ली स्वेअरिंजन यांच्या मते फोनच्या नोंदींवरून तेच सिद्ध झालं असतं. पण नेमक्या त्या दिवसांच्या नोंदी हरवल्याचं सांगण्यात आलं. मुख्य साक्षीदार पोलिसांचा खबऱ्या होता, हे ज्यूरीपासून लपवलं गेलं, या कारणावरून १९९७ मध्ये शिक्षा रद्द झाली. तोवर त्यांची २७ वर्षं आत गेली होती. २००० मध्ये लॉस एंजलिस शहर आणि एफबीआय यांनी मिळून ४५ लाख डॉलर भरपाई दिली.